बांधाच्या कोरड्या बाजूला दर जुलैत ओल येते? पाझराला हात लावण्याआधी सांडवा मोजा

मुलुंड पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर उतरतो आणि इमारती सुरू होतात, त्या पट्ट्यात आमच्या वसाहतीचं एक लहान तळं आहे. बांध मातीचा, मधोमध चार मीटर उंच, सत्तर मीटर लांब. भरल्यावर पाण्याचा पसारा ०.८ हेक्टर होतो. जास्तीचं पाणी सांडव्यावरून, म्हणजे त्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या वाटेवरून, बाहेर पडतं. या पाण्यावर ना कुणाची शेती, ना कुणाचं पिणं. सकाळी बांधावर चालणारे असतात, संध्याकाळी पोरांच्या पॅडल बोटी, रविवारी गळ टाकून बसणारे. बांधाच्या खाली शंभर पावलांवर एक वस्ती आहे, आणि तिच्या कडेने नाला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडून ठाण्याच्या खाडीकडे जातो. ही वस्ती डोक्यात ठेवून पुढचं वाचा. तळ्याची मजा वरच्यांची आहे आणि धोका खालच्यांचा.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, बहुतेक सगळी लहान मातीच्या कामांवर. निवृत्त होऊन इथे राहायला आलो तेव्हा या बांधाची तक्रार जुनीच होती. चार वर्षं ती मी जवळून पाहिली. मुंबई-ठाण्याच्या डोंगरपायथ्याला अशी तळी आणखी आहेत आणि सगळीकडे जवळपास हेच घडतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

तक्रार काय

तळं भरल्यावर आठ-दहा दिवसांत, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यावर, बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्यापासून मीटरभर उंचीवर ओला पट्टा उमटतो. लांबी तीन-चार मीटर. तिथलं गवत बाकीच्यापेक्षा गडद हिरवं, पाय ठेवला की माती दबते. ऑगस्टात त्यातून बारीक धार लागते. नोव्हेंबरात पाणी उतरलं की पट्टा आपोआप सुकतो, आणि पुढच्या जुलैपर्यंत सगळे विसरतात.

आधी केलेले उपाय, जे उलटले

पहिल्या वर्षी ओल आली तिथे सिमेंटचं प्लास्टर मारलं. बाहेरून दिसायला बंद झालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या पावसात ओल प्लास्टरच्या अर्धा मीटर वर आणि दोन मीटर बाजूला निघाली, आणि त्या भागातला उताराचा वरचा थर गवतासकट खाली घसरला. मी तेव्हा नवा होतो, बैठकीत गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही बोचतं, कारण असं प्लास्टर करू नये हे मला ठाऊक होतं.

मातीच्या बांधातून पाणी पाझरतंच. काळ्या मातीचं हार्टिंग, म्हणजे पाणी अडवणारा मधला गाभा, कितीही चांगलं भरलं तरी थोडं पाणी आतून वाट काढत कोरड्या बाजूला येतं, आणि आत पाण्याची एक तिरकी रेषा तयार होते. ती रेषा पायथ्याजवळ, दगडी टाचेत संपली तर बांध सुखरूप असतो. तुम्ही तिचं तोंड बंद केलंत की पाणी मागे साठतं, रेषा वर चढते, आणि मऊ झालेली माती स्वतःच्या वजनाने खाली सरकायला लागते. गळूवर घट्ट पट्टी बांधावी तसं ते आहे. गळू बसत नाही, आतून पसरतं.

दुसऱ्या वर्षी पाण्याकडच्या बाजूला ताडपत्री सोडून वर चिकणमाती टाकली. पाण्यात सोडलेली माती ठोकता येत नाही, ती नुसती विरघळून तळाशी गेली. तिसऱ्या वर्षी एका ठेकेदाराने माथ्यावरून भोकं पाडून दाबाने सिमेंटची रबडी आत सोडली. खडकात ग्राउटिंग उत्तम काम करतं. मातीच्या भरावात मात्र दाब जरा जास्त झाला तरी भराव आतून फाटतो आणि पाण्याला नवी फट मिळते. त्या वर्षी धार वाढली. ठेकेदाराला एकट्याला दोष देत नाही. आम्हीच त्याला “लीकेज बंद करून द्या” एवढंच सांगितलं होतं, आणि पाणी का वाढलं हे कुणी विचारलंच नव्हतं.

पहिली तपासणी: पाणी स्वच्छ की गढूळ

तुमच्या बांधाला ओल दिसली तर सगळ्यात आधी हे पाहा. पाऊस थांबून दोन तास झाल्यावर, म्हणजे उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी संपल्यावर, पाझराचं पाणी एका पारदर्शक बाटलीत भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी गाळाचा थर दिसला तर बांधाच्या आतली माती बाहेर वाहते आहे. हे गंभीर आहे. आतून माती निघत गेली की एक नळी तयार होते, ती मागे मागे पाण्याच्या दिशेने सरकते, आणि तळ्याला भिडली की मग तासांचा खेळ उरतो. बाटली स्वच्छ राहिली तर तुमच्या हातात वेळ आहे. वेळ आहे एवढंच, दुर्लक्ष करायची परवानगी नाही.

स्वच्छ पाण्याची दुसरी गोष्ट पाहायची ती मात्रा. आम्ही ओल्या पट्ट्याखाली एक छोटी चारी खणून पाणी एका पाइपच्या तुकड्यातून काढलं आणि खाली दहा लिटरची बादली लावली. बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजायचं. सोबत तळ्यात एक पट्टी रोवली, सेंटिमीटरच्या खुणांची. शून्य कुठे धरायचा यावर मी हट्ट केला: सांडव्याच्या मूळ उंबऱ्याला, म्हणजे जिथून पाणी बाहेर पडायला लागतं त्या कडेला, शून्य. आमच्या माळीकाकांनी पावसाळाभर रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहिले, तळ्याची पातळी आणि बादलीचा वेळ. या चार वर्षांत केलेल्या सगळ्या खर्चात ती वही सर्वांत मोलाची ठरली.

वहीने काय सांगितलं? पातळी शून्यावर असताना बादली भरायला साडेतीन मिनिटं लागत, म्हणजे मिनिटाला तीनेक लिटर. पातळी शून्याच्या वर ३० सेंटिमीटर गेली की तीच बादली ५० सेकंदांत भरे, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. तीस सेंटिमीटर पाण्याने पाझर चौपट केला. शून्याच्या खालच्या पातळ्यांना फारसा फरक नव्हता, सगळी उडी त्या वरच्या तीस सेंटिमीटरमध्ये होती.

आता खरा प्रश्न समोर आला. सांडव्याचा मूळ उंबरा शून्यावर असेल तर पाणी त्याच्या वर ३० सेंटिमीटर आठवडेच्या आठवडे उभं कसं राहतं?

तिथेच सगळं होतं

सांडव्यावर काँक्रीटच्या ठोकळ्यांचा थर लावलेला होता, पक्क्या मसाल्यात. चौकशी केल्यावर कळलं की पाच-सहा वर्षांपूर्वी तो लावला, कारण डिसेंबरनंतर पाणी उतरून बोटी चिखलाला टेकत. पाणी जरा जास्त अडवलं तर बोटी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतील, असा साधा विचार. त्याच्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकलेली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण ओल येण्याची सुरुवात नेमकी त्यानंतरची.

सेक्रेटरी बाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “काका, एक फूट पाण्याने एवढं काय बिघडतं?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर नुसत्या पाझराने देता येत नव्हतं. म्हणून आम्ही बांधाचा माथा मोजला. महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब पाण्याने भरायची, एक टोक सांडव्याच्या उंबऱ्यावर, दुसरं माथ्यावर दर पाच मीटरवर. मूळ आराखड्याप्रमाणे माथा जुन्या उंबऱ्याच्या १.२ मीटर वर असायला हवा. टोकांना तो तसाच होता. मधोमध मात्र २५ सेंटिमीटर खचलेला निघाला. वर्षानुवर्षं भराव बसतो, त्यावर रोजचे चालणारे, अधूनमधून कुणाची मोटारसायकल. माथा डोळ्यांना सपाट दिसत होता.

म्हणजे खालून ३० आणि वरून २५ सेंटिमीटर गेले. १.२ मीटरपैकी उरले ६५ सेंटिमीटर. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहणं म्हणजे शेवटच. पाणी कोरड्या बाजूने उतरताना माती खरवडत नेतं आणि थोड्या वेळात भगदाड पडतं. म्हणून हे ६५ सेंटिमीटर पुरतात का, ते बघायलाच हवं.

हिशेब कुणालाही करता येईल असा आहे. डोंगरावरून तळ्याकडे येणारं क्षेत्र हेक्टरमध्ये घ्या, तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या, दोन्ही गुणा, ०.८ ने गुणा (भिजलेल्या कातळावरून आणि रस्त्यांवरून बहुतेक पाणी वाहूनच येतं), आणि ३६० ने भागा. उत्तर सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते. आमचं क्षेत्र १२ हेक्टर. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर २.६७ घनमीटर. सांडवा किती पाणी सोडेल त्यासाठी: १.७ गुणिले सांडव्याची लांबी मीटरमध्ये, गुणिले उंबऱ्यावरच्या पाण्याच्या खोलीचा (तीही मीटरमध्ये) दीड घात, म्हणजे खोली गुणिले खोलीचं वर्गमूळ. आमचा सांडवा तीन मीटर लांब. २.६७ घनमीटर सोडायला त्यावर ६५ सेंटिमीटर पाणी चढावं लागतं.

आमच्याकडे शिल्लक होती नेमकी ६५ सेंटिमीटर. लाटांसाठी काहीच नाही, जाळीत अडकलेल्या कचऱ्यासाठी काहीच नाही. लाटांना ३० सेंटिमीटर सोडले तर आमचा सांडवा तासाला फक्त ४० मिमीचा पाऊस पेलत होता. जाळी अर्धी तुंबली की २० मिमीचा. तळ्यात साठणारं पाणी धरलं तर आकडा थोडा सुटतो हे खरं, पण ऑगस्टात तळं काठोकाठ असताना त्या सवलतीवर विसंबून खालच्या वस्तीची झोप पणाला लावता येत नाही.

मुंबईचा पाऊस आणि आपलं तळं

तासाला ४० मिमी मुंबईत नवलाचे नाहीत. शहराच्या पर्जन्यवाहिन्या आधी तासाला २५ मिमीच्या हिशेबाने होत्या, ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात त्या ५० मिमीच्या हिशेबाने सुधारायला घेतल्या, आणि त्याही दर वर्षी कुठे ना कुठे तुंबतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा झाला नाही. ही दुसरी ओळ लोक विसरतात. आपल्या तळ्यासाठी तीच महत्त्वाची, कारण एकाच शहरात एका बाजूला आभाळ फाटतं आणि दुसरीकडे लोक छत्री मिटून चालतात. कुलाब्याचा किंवा सांताक्रूझचा आकडा तुमच्या डोंगरपायथ्याचा नसतो. गच्चीवर एक साधा पर्जन्यमापक ठेवा. आमच्याकडे आता रात्रपाळीचा वॉचमन पावसाळ्यात दर दोन तासांनी त्याची नोंद करतो.

आपल्या शहराला मातीच्या धरणांचं वावडं नाही, हेही सांगतो, नाहीतर वाचून कुणी तळीच बुजवायला निघेल. विहारचं पाणी १८६० पासून मुंबई पितेय आणि त्याचे बांध मातीचेच आहेत. दीडशेहून जास्त वर्षं ते उभे आहेत, कारण त्यांच्यावर रोज कुणाची तरी नजर असते. पवईच्या तळ्याचं पाणी पिण्याच्या कामाचं राहिलं नाही, ते आज बहुतेकांना फिरायला जायची जागा म्हणूनच माहीत आहे, आणि जलपर्णी एखाद्या तळ्याचं काय करते हे तिथे काठावर उभं राहून कुणालाही दिसतं.

दुसरी स्थानिक गोष्ट भरतीची. खाडीला मोठी भरती असताना, साडेचार मीटरच्या वरची, नाल्यातलं पाणी पुढे सरकत नाही. वरून आपण तळ्याचं पाणी सोडलं तर ते वस्तीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबतं. म्हणून पातळी कमी करायची असेल तर ओहोटीचे तास पाहूनच, आणि वस्तीत आधी सांगून.

नळ, खेकडे, मुळं

पातळीचं कारण सापडलं तरी पाझर एकाच जागी का, हे उरलं होतं. ती जागा जुन्या विमोचकाच्या, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडायच्या, नळाच्या बरोबर रेषेत होती. बांधातून आरपार जाणारा नळ ही मातीच्या बांधाची सगळ्यात नाजूक जागा. नळाच्या पोटाखाली माती नीट ठोकता येत नाही, आणि पाणी गुळगुळीत पृष्ठभागाला धरून पुढे सरकतं. महाराष्ट्राला हे शिकवायची गरज नसावी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा धरण पुरं झालेलं नव्हतं, आणि विमोचकाच्या वरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूच्या पोती रचल्या. तरी सकाळी धरण गेलं, मागोमाग खडकवासला, आणि पुण्यात पूर आला. आपला बांध त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण नळाचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

खेकड्यांबद्दल मला नेहमी विचारतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, त्यानंतर खेकड्यांचं नाव राज्यभर झालं. खेकडे आणि घुशी बांध पोखरतात, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. पण गळतीची तक्रार तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. माझं ठाम मत आहे की बीळ पाडणं हे खेकड्याचं काम आणि ते बीळ वेळेत शोधून बुजवणं हे बांधाच्या धन्याचं. गवत गुडघाभर वाढू दिलं तर बीळ दिसतच नाही. जूनच्या आधी, ऑगस्टात आणि दिवाळीच्या आसपास असं तीनदा गवत कापा. बीळ सापडलं तर वरून माती लोटून भागत नाही. शेवटापर्यंत उकरा आणि ओलसर मुरूम-मातीचे पातळ थर देत धुमसाने ठोकत वर या.

झाडांचा विषय भावनेचा आहे. आमच्या बांधावर कुणीतरी हौसेने पिंपळ आणि दोन उंबर लावले होते, पैकी एक नळाच्या अगदी जवळ. मोठं झाड उन्मळलं तर माथ्याचा लचका घेऊन जातं, आणि कापून मुळं तशीच ठेवली तर ती काही वर्षांत कुजून पाण्याला बोगदे तयार मिळतात. म्हणून नुसतं कापणं हा उपाय नाही. कापायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन, पाणी उतरलेलं असताना, मुळासकट काढून, तो खड्डा थराथराने ठोकून भरायचा. आम्ही नळाजवळचा उंबर असा काढला आणि त्याच्या बदल्यात वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला झाडं लावली. पिंपळ पायथ्यापासून दूर, टोकाला आहे. त्याच्यावर लक्ष ठेवून आहोत. बांधावर शोभेल ती हरळी. तिचं जाळं माती धरून ठेवतं आणि खाली काय चाललंय ते झाकत नाही.

आम्ही काय केलं, कोणत्या क्रमाने

सर्वांत आधी उंबरा. ऑक्टोबरपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती, कारण ऑगस्ट-सप्टेंबरातच तळं सर्वांत भरलेलं असतं. पण ठोकळे एकदम फोडले तर ३० सेंटिमीटर पाणी, म्हणजे २,४०० घनमीटर, एका दमात वस्तीकडे जाईल. शिवाय पाणी झपाट्याने उतरवलं तर पाण्याकडचा भिजलेला उतार आधार गमावून घसरतो. दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नये, शक्यतो त्याच्या निम्मंच. आम्ही चार इंची पाइपचे दोन वक्रनळ (सायफन) माथ्यावरून टाकले. पाइप आधी पाण्याने पूर्ण भरायचा, खालच्या टोकाला व्हॉल्व्ह, आणि ते टोक पायथ्यावर न सोडता थेट नाल्यातल्या दगडांवर. तीन मीटरच्या फरकाला असा एक पाइप तासाला ८० घनमीटरच्या आसपास पाणी काढतो. ओहोटीच्या तासांतच चालवून तीन दिवसांत पाणी जुन्या उंबऱ्याला आणलं, मग ठोकळे काढले. जाळीही काढली.

माशांसाठी आणि कचऱ्यासाठी सांडव्याच्या अलीकडे आठ-दहा मीटरवर रिकाम्या पिंपांना बांबू बांधून एक तरंगता अडसर केला. जलपर्णी, बाटल्या, गणपतीनंतरचं निर्माल्य तिथे अडतं आणि माणूस काठावरून ते ओढून काढू शकतो. सांडव्याच्या तोंडाशी भर पावसात कुणालाही उतरवू नका, पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी ओढ मोठी असते.

मग पाझराचं. इथे बंद करण्याऐवजी वाट करून दिली. प्लास्टर फोडून काढलं. ओल्या पट्ट्यावर आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी मीटरभर जास्त असा आधी धुतलेल्या जाड वाळूचा थर, त्यावर बारीक ग्रिट, त्यावर २० मिलिमीटरची खडी, आणि सगळ्यात वर डबर. तत्त्व असं की प्रत्येक थराने आपल्या खालचे कण अडवायचे आणि पाण्याला जाऊ द्यायचं. मृदाशास्त्रज्ञ अभियंता टर्झाघीचा नियम आजही तोच: वाळूचे १५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात तो आकार, बांधाच्या मातीचे ८५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात त्याच्या चार-पाच पटींहून जास्त नको. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ही चाळणी करून मिळते, ती करून घ्याच. आम्हाला नदीची वाळू मिळाली नाही, क्रश सँड घेतली. तिच्यात दगडाची भुकटी फार असते, ती पाणी अडवते, म्हणून चार पाण्याने धुवावी लागली. मुकादम कंटाळला होता. पण न धुतलेली वाळू म्हणजे पुन्हा प्लास्टरच. खाली चर खणून त्यात छिद्रांचा पाइप टाकला आणि पाणी मोजायच्या जागेपर्यंत आणलं. बादली अजून तिथेच आहे.

जुना नळ वापरात नव्हता. तो फेब्रुवारीत, पाणी सर्वांत खाली असताना, पाण्याकडच्या टोकापासून काँक्रीटने भरून घेतला आणि कोरड्या बाजूच्या टोकाभोवती तीच वाळू-खडीची गाळणी केली.

माथा मार्च-एप्रिलमध्ये. गवत आणि वरची सैल माती काढली, जुन्या भरावाला पायऱ्या केल्या, म्हणजे नवा थर जुन्यात गुंतला. दर थर १५ सेंटिमीटर, मूठ दाबली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये इतकं पाणी मारून, छोट्या रोलरने आणि कडांना धुमसाने. एका सभासदांनी त्यांच्या इमारतीच्या दुरुस्तीचा राडारोडा फुकट देऊ केला होता. नम्रपणे नाही म्हटलं. विटांच्या आणि फरशांच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, आणि घुशींना तेच हवं असतं. मध्यभाग पाच सेंटिमीटर जास्त ठेवला, कारण तो बसणार.

आता जुन्या उंबऱ्यापासून माथा पुन्हा १.२ मीटर आहे. लाटांचे ३० सेंटिमीटर सोडून सांडवा तासाला १६० मिमीपर्यंतचा पाऊस पेलतो. आधीचा आकडा ४० होता.

पाणी गढूळ आलं तर

हे वेगळं सांगतो, कारण इथे विचार करायला वेळ नसतो. पाझराचं पाणी गढूळ झालं, धार अचानक वाढली, पायथ्याशी जमिनीतून उकळी फुटल्यासारखं पाणी यायला लागलं, किंवा माथ्यावर बांधाच्या लांबीने भेग पडली, तर पहिला फोन १९१६ ला, महापालिकेच्या आपत्कालीन क्रमांकावर, आणि त्याच मिनिटाला वस्तीत माणूस पाठवा. रात्र असेल, पाऊस असेल, आपला अंदाज चुकीचा ठरेल याची लाज वाटेल, तरी पाठवा. मग पाणी कमी करायच्या मागे लागा. उकळी फुटलेल्या जागेवर माती किंवा दगड टाकून ती दाबू नका. तिच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करा, आत पाणी चढू द्या. आतलं पाणी चढलं की बाहेर येणारा दाब कमी होतो आणि माती वाहायची थांबते. पोती, वाळू आणि ग्रिटचे ढीग मे महिन्यातच बांधाच्या टोकाला आणून ठेवा. जुलैच्या रात्री मुंबईत वाळूचा ट्रक मिळत नाही.

आणि या कामासाठी कुणी सरकारी अधिकारी आपणहून येईल अशी वाट पाहू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या. आमचा चार मीटरचा बांध त्यात बसत नाही. त्याची तपासणी करायला या कायद्याने कुणी बांधलेलं नाही, म्हणून ती आम्हालाच करायची आहे.

सध्या काय

पहिला पावसाळा गेला. ओला पट्टा गाळणीच्या खाली गेला आहे, उतार कोरडा आहे. पातळी शून्यावर असताना बादली अजून साडेतीन मिनिटांतच भरते, तेवढा पाझर राहणार, आणि पाणी स्वच्छ आहे. एका रात्री गच्चीवरच्या पर्जन्यमापकात दोन तासांत ११० मिमी आले तेव्हा माळीकाका आणि मी टॉर्च घेऊन सांडव्याशी उभे होतो. उंबऱ्यावर पाणी ४५ सेंटिमीटर चढलं, पहाटे उतरलं. बोटी या वर्षी डिसेंबरच्या मध्यावरच काठाला लावाव्या लागल्या. पोरांनी तक्रार केली, तेव्हा सेक्रेटरी बाईंनी त्यांना माथ्यावर नेऊन खालची घरं दाखवली. लेव्हल ट्यूबने पुढची मोजणी मेच्या पहिल्या रविवारी आहे, आणि या वेळी वस्तीतल्या दोन मुलांनाही बोलावलं आहे, बादली आणि पट्टी वाचायला शिकवण्यासाठी.